रेवारामची हाक

देवरीच्या पलीकडं, जंगलाला लागून असलेल्या गावात रेवाराम मडावी राहतो. वनखात्यात रोजंदारीवर जातो आणि गावाच्या फुटबॉल संघात सगळ्यात पुढं खेळतो. खेळतो म्हणजे, या हिवाळ्यापर्यंत खेळायचा. त्याच्या वयाचे बाकीचे पानठेल्यावर बसून कंबरदुखीच्या गप्पा मारतात आणि हा गडी चाळिशीतही पोरांच्या पुढं धावायचा. याचा त्याला भारी तोरा होता.

गावाचा खेळही त्यानंच बसवलेला. बॉल हातचा गेला की इतर संघ मागं पळतात, आपल्या गोलापाशी गोळा होतात. रेवारामचा संघ उलटा पुढं जातो आणि समोरच्याला त्याच्याच गोलाजवळ घेरतो. गोंदियाहून येणारे पंच याला हाय प्रेस म्हणतात. गावाला ते नाव ठाऊक नव्हतं, काम मात्र ठाऊक होतं. उन्हाळ्यात शेतावरची बोडी आटत आली की सारं गाव त्या तळ्यात उतरतं, रांग धरतं आणि मासे एका कोपऱ्यातल्या जाळ्याकडं हाकलत नेतं. मासा धरायला कुणी एकट्यानं धावत नाही. रांग फुटली की त्या फटीतून मासे निघून जातात.

रेवारामनं तेच मैदानात आणलं. बॉलवाल्याकडं तो आतल्या अंगानं वळसा घेऊन धावायचा, म्हणजे मधला पास बंद आणि गडी आपसूक कडेच्या रेषेकडं. धावता धावता तो ओरडायचा, "दाबा रे!" हाक आली की मधले पुढं, बचावाची फळी अर्ध्या मैदानापर्यंत, आणि गोलकीपर उमेंद्र, त्याचा लहानपणापासूनचा सोबती, गोल सोडून बाहेर. मागं सगळं मोकळं. पहिला माणूस वेळेत पोचेल, या एका भरवशावर सगळे निघायचे.

त्या पहिल्या माणसाचा उजवा गुडघा दिवाळीपासून दगा देत होता. कुणाला कळलं नव्हतं, एक त्याच्या बायकोला सोडून.

"काऊन जी, पाय ओढून राहिले तुमी?" धुरपतानं एकदा विचारलंच.

"काटा रुतला होता."

"काटा इतके दिस राहते का? उमेंद्रले सांगून टाका. स्वप्निलले पुढं जाऊ द्या, तो जवान हाये."

रेवारामच्या डोळ्यांपुढं बोडी होती. रांगेत ज्याच्यानं चालवत नाही त्याच्या हातात गाव कोपऱ्यातल्या जाळ्याचा बांबू देतं. कुणी काही बोलत नाही, नुसता बांबू देतात. त्याच्या बापालाही असाच दिला होता, आणि त्यानंतर बाप कधी रांगेत दिसला नाही. रेवारामला त्या बांबूची मनापासून भीती वाटायची, म्हणून तो गुडघ्याला पट्टी बांधून वरून लांब मोजा चढवायचा.

धानाची कापणी उरकल्यावर देवरीत सामने झाले. अंतिम सामन्यात शेवटाशेवटापर्यंत गोल नव्हता. समोरच्या बचावातल्या एका जड पायाच्या गड्याकडं बॉल आला, तोंड त्याच्याच गोलाकडं. याहून चांगली वेळ कुठली? रेवाराम ओरडला, "दाबा रे!" आणि निघाला. मागून सगळी रांग निघाली. अर्ध्या वाटेत गुडघा अडकला. तो पडला नाही, नुसता हळू झाला. त्या गड्याला वळायला वेळ मिळाला, मान वर करून बघायलाही मिळाला. त्यानं बॉल उंच मारला, तो सगळ्यांच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या मैदानात पडला आणि त्यांच्या एका पोरानं तो आरामात रिकाम्या गोलात नेला.

रेवारामला कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं पुन्हा तशीच संधी आली. तो पुन्हा ओरडला, लंगडत निघालाही. बॉलवाला हसून बाजूला झाला. रेवारामनं मागं वळून पाहिलं. रांग जागची हलली नव्हती. स्वप्निल खाली बघत होता. उमेंद्र गोलाच्या खांबापाशी उभा होता, एक हात खांबाला लावून. सामना गेला.

वैशाखात बोडी आटली. सारं गाव जमलं. रेवारामनं विजार गुडघ्यावर दुमडली आणि रांगेकडं निघाला. उमेंद्र चिखल तुडवत त्याच्याजवळ आला. त्यानं डोळ्याला डोळा दिला नाही. जाळ्याचा बांबू त्याच्या हातात ठेवला आणि परत जाऊन रांगेत उभा राहिला.

रेवाराम कोपऱ्यात गेला, बापाच्या जागी. तिकडून स्वप्निलची हाक आली, "दाबा रे!" आणि रांग एकदम हलली. मासे जाळ्यावर येऊन आपटू लागले. रेवारामनं बांबू घट्ट धरून ठेवला.

त्या दिवशी मासे भरपूर निघाले. संध्याकाळी धुरपतानं रस्सा केला. रेवारामनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "मले भूक नाई."