यात्रा वैशाखातच

नांदगाव खंडेश्वरात कुणी जानरावांना विचारलं, की बुवा, देश बघायचा तर कोणत्या महिन्यात निघावं, तर ते डोळे मिटून सांगत, "वैशाखात." काश्मीरला? वैशाखात. रामेश्वरला? तेही वैशाखात. एवढा थोरला देश, एका टोकाला बर्फ अन् दुसऱ्या टोकाला घामाच्या धारा, पण जानरावांच्या लेखी फिरायचा ऋतू एकच, आपलं शेत रिकामं असतं तो. पावसाळ्यात डवरणी अन् निंदण, हिवाळ्यात कापूस अन् तूर. मोकळा माणूस सापडतो तो उन्हाळ्यातच. म्हणून दरवर्षी त्या दिवसांत ते गावाची यात्रेची बस काढायचे. मागे शेगडी, तांदळाची पोती आणि एक स्वयंपाकी. पुढच्या सीटवर स्वतः जानराव, नवरदेवाच्या बापाच्या तोऱ्यात.

"अकोल्या-अमरावतीच्या उनात जो मानूस जगला, त्याले दुनियेतलं कोनचंच ऊन लागत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुपट्टा भिजवायचा, डोक्याला गुंडाळायचा, खिशात कांदा टाकायचा आणि चालू पडायचं. वऱ्हाडात एवढं पुरतं, यात खोटं काही नाही. इथली हवा इतकी कोरडी, की ओलं फडकं वाळता वाळता डोकं गार करून जातं.

शकुनबाई त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती कायमची. भावाच्या घरी फुकट खायचं नाही, हा तिचा बाणा. पहिल्या वेचणीला शेतात नैवेद्याचा दहीभात ठेवायचा तो तिनंच, आणि कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून सगळ्यांच्या आधी कपाशीत शिरायची तीही तीच. जानरावांनी तिला कधी कामाला लावलं नाही, आणि कधी थांबवलंही नाही. उभ्या जन्मात तिनं भावाकडे एकच गोष्ट मागितली. तिला समुद्र बघायचा होता.

जगन्नाथपुरीची यात्रा ठरली तेव्हा ती भीत भीत म्हणाली, "भाऊ, मले माघात नेशीन का? शाळेतली बाई सांगत होती, समुद्राच्या गावाले थंडीतच जा मनून. उन्हाळ्यात तिथं जीव घाबरा होते मने."

जानराव हसले. "त्या बाईले काय मालूम? अन् माघात कापूस कोन वेचीन?"

शकुनबाई गप्प बसली. कापसाचं नाव काढलं की ती गप्प बसते, हे जानरावांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते काढलं, आणि हीच गोष्ट पुढं त्यांच्या घशाखाली घास उतरू देईना.

पुरीतला वैशाख त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तिथं हवेतच पाणी. दर्शनाच्या रांगेत शकुनबाईच्या डोक्यावरचा दुपट्टा ओला होता तो ओलाच राहिला, नुसता गरम झाला. जानरावांनी तो पुन्हा भिजवला, पुन्हा बांधला. "घट्ट बांध, काई होत नाई," म्हणाले.

"भाऊ, मले कसंतरीच होऊन राह्यलं," ती म्हणाली.

त्यांनी रांग सोडली नाही. दर्शन हातातोंडाशी आलं होतं. थोड्या वेळानं ती भलतंसलतं बोलू लागली आणि तिथंच कोसळली. दवाखान्यात उष्माघात निघाला. जीव वाचला, पण अंगाचा तोल गेला तो गेलाच. चालताना भिंत धरावी लागते, बोलताना जीभ जड पडते. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर होता. तो न बघताच ती परत आली.

गावात कुणी विचारलं की जानराव म्हणायचे, "वय झालं बाईचं." आणि ओसरीवर बसलेली शकुनबाई अडखळत सांगायची, "माहंच चुकलं. मीच पानी कमी पेली." हे ऐकलं की जानरावांना वाटायचं, हिनं चारचौघांत पायातली काढून मारली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी त्यांनी बस काढली नाही. कुठं कोणत्या महिन्यात जावं, असं विचारायला कुणी आलं तर ते उठून गोठ्यात जायचे. बहिणीसमोर जेवायला बसणंही त्यांनी टाळलं.

शेवटी बायकोनंच, मैनाबाईनं, धरलं. "तिच्याकडं पायतही नाई तुमी आजकाल. तोंड चुकवल्यानं ते बरी होनार हाय का?"

त्या माघात शेत पांढरंशुभ्र फुटलेलं असताना जानरावांनी बहिणीला घेऊन बडनेऱ्याहून गाडी पकडली. गावानं तोंडात बोट घातलं.

पुरीच्या वाळूत सकाळचं कोवळं ऊन होतं. अंगावर शाल हवीशी वाटावी असा वारा होता. शकुनबाई भावाचा दंड धरून पाण्याच्या काठाशी उभी राहिली. लाट आली, पायांवरून गेली, पुन्हा आली. ती लहान मुलीसारखी हसली. जानरावांना वाटलं, चला, थोडं तरी फेडलं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "घरी कापूस कोन वेचून राह्यलं, भाऊ?"

"मजुरीनं बाया लावल्या."

तिनं जरा विचार केला. आवाजात राग नव्हता, नुसतंच विचारलं. "मंग त्या साली नसत्या लावता आल्या?"

जानरावांकडे उत्तरं पुष्कळ होती. मजूर मिळत नव्हते, तूर अंगावर आली होती, बसचं आधीच ठरलं होतं. ही सगळी त्यांनी गोठ्यात बसून स्वतःला कितीदा तरी ऐकवली होती.

"आल्या असत्या, बाई," ते म्हणाले.

शकुनबाईनं नजर पुन्हा पाण्याकडे वळवली. भावाचा दंड मात्र तिनं सोडला नाही. सोडला असता, तर ती पडली असती.