हँडब्रेकची वायर

पौडला सिद्धनाथ गाड्यांना स्क्रीन बसवून द्यायचा. हँडब्रेक ओढल्याशिवाय त्यावर व्हिडिओ लागत नसे. मग गिऱ्हाइकाच्या हट्टापायी तो हँडब्रेकची वायर गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडायचा, की गाडीला वाटायचं आपण उभ्याच आहोत. शेखरच्या, सीटवर प्रवासी नेणाऱ्या वडापच्या गाडीलाही त्यानं आज तेच केलं.

"आता घाटात कुस्त्या बघतो," शेखर म्हणाला.

"बघ की लेका!" सिद्धनाथ हसला.

तेवढ्यात सिद्धनाथची आई बानूबाई कोकरू घेऊन ताम्हिणीला जायला शेखरशेजारी पुढंच बसली.

"आये, उतर. यष्टीनं जा."

"का रं? हितं कुस्ती हाय की!"

मागं तशीच वायर जोडून घ्यायला तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत वायर सोडवायला सिद्धनाथचा हात धजेना. गाडी निघाली. आई आणि शेखर स्क्रीनकडे बघत होते. कोकरू तेवढं रस्त्याकडे बघत होतं.