सुशीचा हात

मंजू, ये, बस अशी जवळ, पत्रातच का होईना. आणि काय गं, दर वेळी फोनवर ‘मावशी बरी आहेस ना’ म्हणतेस आणि ठेवून देतेस? ही काय रीत झाली? आज ठेवायचं नाही. आज मी जे लिहितेय ते तुझ्या काकांनासुद्धा ठाऊक नाही. कुणालाच नाही.

तुला आठवतं ना, आम्ही उदयपूरला सायकलने निघालो होतो? तुझी आई सुशी आणि मी, बँकवाल्यांच्या बायका, नवऱ्यांच्या बदलीने इकडे परराज्यात, जवाहर नगरात येऊन पडलेल्या. साठीच्या तोंडावर सायकल शिकलो. सुशी पाखरासारखी चालवायची. मी मात्र — मतलब, माझ्यासाठी सगळ्यांना थांबावं लागायचं. त्या पहाटे जगतपुऱ्याचा निखिल, आमच्या सायकलवाल्यांचा म्होरक्या, हसत म्हणाला, “कुसुमकाकू, मुक्कामाला दूदूला आजच पोहोचायचंय हं!” सगळे हसले. मीही हसले. पण लागलं गं.

आमचा एकच नियम होता. वळण आलं की पुढचीने उतरून उभं राहायचं. मागची दिसली, तिने हात वर केला, की मगच पॅडल मारायचं. त्यावरच सगळा भरवसा.

बगरूच्या पुढे ट्रक चुकवायला गावातला रस्ता धरला आणि माझी चेन उतरली. निखिल आणि बाकीचे पुढे निघून गेलेले. सुशीने चेन बसवली. हात काळे झाले म्हणून फोन माझ्या पिशवीत टाकायला लावला आणि म्हणाली, “हो पुढे, त्या नळावर हात धुऊन आलेच.”

थोडं पुढे खेजडीच्या झाडापाशी दोन रस्ते फुटत होते. मी उतरले — उतरले होते गं, हे खरं. पण उजवीकडे उतार होता, खाली चहाची टपरी, आणि तिथे सगळे नुकतेच टेकत होते. एकदा तरी त्यांच्याबरोबर पोहोचावं... किती वेळ थांबले असेन? पाणी प्यायले, तेवढाच. मग सुटले उताराला.

सुशी डावीकडे गेली. निखिलला ती सापडली तेव्हा दुपार कलली होती. बाभळीखाली बसली होती, ओठ सुकलेले. आणि फोन? माझ्या पिशवीत.

रागावली नाही. एवढंच म्हणाली, “कुसुम, तू नव्हतीस गं तिथे.”

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणाले, “होते की! तू हातसुद्धा वर केलास.”

मंजू, हात मी कुठून आणला? नुसतं ‘होते’ म्हटलं असतं तर भांडली असती ती. पण तो हात — ती आपल्या हाताकडे बघत राहिली. नखांत अजून काळं होतं. “केला का मी?” म्हणाली. माझ्यावर इतका विश्वास होता तिचा, की स्वतःवरचा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती परत फिरली. मी उदयपूरपर्यंत गेले. फोटोत पुढे उभी आहे बघ.

मग तू तिला नाशिकला नेलंस. परवा फोन ठेवता ठेवता म्हणालीस, आई गॅस बंद केलाय का ते पुन्हापुन्हा बघते, एकटी भाजीलाही जात नाही, ‘विसरते हो ती, त्या सायकलच्या वेळेपासूनच’. आणि मी काय म्हणाले? “वय झालं गं.” म्हणजे पुन्हा तेच केलं.

ती काही विसरली नव्हती. मी तिथे नव्हते. तिने हात वर केला नव्हता.

माफ कर म्हणत नाही. तिची सायकल तू माझ्याकडे ठेवून गेलीस, व्हरांड्यात आहे, चाकांत हवा आहे.

तू लवकर ये. आईला घेऊन ये. मला हे तिच्यासमोर बोलायचंय, तिचा हात हातात घेऊन.