गोजराबाईचे हात

नाशिकजवळ मखमलाबादच्या शिवारात बहिरूचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू, बांधाकडेला थोडा गुलाब. पहाटे फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात नेऊन टाकायची, यात त्याचा जन्म गेला. पण जीव म्हणाल तर त्याचा फुलांत नव्हता, विहिरीवरच्या इंजिनात होता. इंजिन बंद पडलं की मिस्त्रीला बोलवावं हे त्याला कधी सुचलंच नाही. तो आधी त्याच्यासमोर उकिडवा बसायचा, न पेटवलेली बिडी ओठांत धरायचा आणि आजारी बैलाकडं पाहावं तसा पाहत राहायचा. मग पाना उचलायचा. कधी जमायचं, कधी आणखी बिघडून मग जमायचं. पुढं इंजिन गेलं, विजेची मोटर आली, घरात पंखा आला, मिक्सर आला. सगळ्यांची पोटं त्यानं उघडून पाहिली. त्याची बायको गोजराबाई म्हणायची, "यांनी फक्त माझं डोकं तेवढं उघडायचं ठेवलंय."

गोजराबाई हार ओवायची. ओली फुलं, ओला दोरा, ओलं गोणपाट. सकाळ अशी पाण्यात जायची आणि दुपार मोरीत, भांड्यांच्या ढिगात. वय झालं तसे तिचे हात फुटले. आधी टाचांना पडतात तशा तळहाताला भेगा पडल्या, मग बोटांच्या बेचक्यांत पांढरं पडलं, मग दोरा ओढला की त्यावर लाल रेघ उमटू लागली. देवाच्या हाराला रक्त लागायला नको म्हणून तिनं ओवणं सोडलं. कातडीच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि म्हणाला, "मावशी, खरं औषध एकच. हात कोरडे ठेवायचे."

"कोरडे ठिवून जेवायचं कशात?" गोजराबाईनं विचारलं. डॉक्टर हसला. बहिरूला हसू आलं नाही.

त्यांची मुलगी शुभांगी अंबडच्या एका कंपनीत नोकरीला होती. तिथला एक जर्मन साहेब आपल्या देशी परत जायला निघाला आणि घरातलं सामान विकू लागला. त्यात भांडी धुण्याचं मशीन होतं. शुभांगीनं ते आईसाठी उचललं. टेम्पोतून मशीन उतरलं तेव्हा आळीतली माणसं फ्रिज समजून बघायला आली आणि आत थंड नाही म्हणून परत गेली. शुभांगीनं आईला सगळं शिकवलं. ताटं अशी उभी, वाट्या अशा पालथ्या, ही पावडर इथं, हे बटण. गोजराबाईनं मान डोलावली. बहिरूनं मशीनची सांडपाण्याची नळी भिंतीला भोक पाडून परसातल्या अळूत सोडली आणि त्या दिवसापासून दुपारचं जेवून तो मळ्याकडं निघाला की त्याचा जीव हलका असे. आता मागं तिचे हात कोरडे आहेत, असं तो वाफ्यात पाणी वळवताना मनाशी म्हणायचा.

हात मात्र बरे होत नव्हते. उन्हाळा सरला, दिवाळीचा झेंडू निघाला, तरी भेगा होत्या तशाच. डॉक्टरनं मलम बदललं. बहिरू डॉक्टरवर चिडून होता.

मग एक दिवस मशीन बंद पडलं. गुरगुरायचं, पण पाणी सोडेना. तळाशी काळपट पाणी साचून राहिलं. शुभांगीनं दोनचार ठिकाणी फोन केले. नाशकात ते खोलणारं कुणी नव्हतं. मुंबईचा माणूस म्हणाला, आख्खा पंप बदलावा लागेल, तो परदेशातून येईल, कधी येईल ते सांगता येत नाही.

"राहू द्या बाई त्याला," गोजराबाई म्हणाली. "माझे हात कुठं मोडलेत?"

"तू पाण्याला शिवायचं नाय," बहिरू म्हणाला. "मी बघतो."

"आबा, ते विहिरीवरचं नाहीये," शुभांगी म्हणाली.

"पंप म्हणाला ना तो? मंग पंप तो पंप."

आणि तिथंच त्याचं चुकलं. विहिरीवरची मोटर पाणी उचलेना झाली की वरून नळीत पाणी ओततात. आतली हवा निघते आणि मोटर पाणी धरते. बहिरूनं तेच केलं. मशीनचं दार उघडून त्यानं आत कळशी ओतली. मशीन गप्प. दुसरी ओतली. मग तिसरी ओतताना पाणी दारावरून स्वयंपाकघरात आलं आणि पिठाच्या डब्याखालून देवघराकडं निघालं. गोजराबाई पदर खोचून धावली, देव उचलून कडेला घेतले आणि म्हणाली, "गंगेला पूर आला की रामकुंडावर जाते मी बघायला. तुम्ही घरीच आणलात!"

शेजारच्या वत्सलाबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय वो, काय झालं?"

"काय नाय. आमचे मिस्त्री कामाला लागलेत."

बहिरूनं मशीनची वायर काढली, मशीन परसात ओढलं आणि गोणपाटावर आडवं केलं. पाण्याची वाट त्याला शोधायची होती, आणि पाणी कुठून कुठं जातं हे तर तो आयुष्यभर बघत आला होता. पण घाई केली तर काहीतरी मोडेल आणि एकदा मोडलं की संपलं, याची त्याला भीती होती. म्हणून तो रोज थोडंच खोलायचा. तोवर भांडी कुणी घासायची? त्यानं धोतर वर घेतलं आणि मोरीत बसला.

गोजराबाईला हे सोसवेना. "उठा तिथनं. लोक बघतेत."

"बघू दे. राख कुठं हाय?"

तिनं सवयीनं कोनाड्याकडं हात केला. तिथं राखेची वाटी होती आणि शेजारी चिंचेचा कोळ. कोळ ताजा होता. बहिरूला ते जाणवलं, पण मनात रुजलं नाही. त्याचं सगळं लक्ष पितळी पातेल्याच्या बुडाकडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो पातेलं घासत होता आणि ते काही केल्या उजळत नव्हतं.

"बहिरूभाऊ," वत्सलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आमच्याकडं पण या हो उद्या. आमची बाई गावाला गेलीय."

"येतो की. पर जेवायला घालावं लागंल."

गोजराबाई आत जाऊन बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते बाहेरून कळत नव्हतं.

मशीनच्या तळातली जाळी निघाली, तिच्याखालचं झाकण निघालं आणि बहिरूला पंप दिसला. केवढासा. विहिरीवरच्या पंपाचं जणू नातवंड. त्याचं पंख्यासारखं चाक गाळात रुतलं होतं. राखाडी, घट्ट गाळ. बोटावर घेऊन त्यानं तो चोळला, नाकाशी नेला. चुलीची राख. त्यात नारळाच्या शेंडीचे धागे होते. आणि चाकाच्या दोन पात्यांमध्ये, पाचर मारावी तसा, एक चिंचोका बसला होता.

बहिरू तिथंच बसून राहिला. घरात मशीन आल्यापासूनच्या सगळ्या दुपारी त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. तो मळ्याकडं वळायचा आणि मागं ती मोरीत बसायची. राख, चिंच, शेंडी. घासून लख्ख केलेली भांडी मग ती मशीनमध्ये उभी करायची आणि बटण दाबायची. संध्याकाळी तो आला की ती मशीनमधून भांडी काढताना दिसायची. तेवढंच त्याला दिसत होतं.

त्यानं हाक मारली. ती आली. त्यानं चिंचोका तळहातावर ठेवून पुढं केला.

"हे काय?"

"चिंचोका."

"जर्मन चिंच खातेत का?"

गोजराबाईनं हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "खरकटी भांडी कशी कोंबायची त्याच्यात? दारात कामाला बाई आली तर आपण तिच्यापुढं उष्टं तसंच टाकतो का? धुऊनच देतो ना? मंग ही तर लेकीनं आणलेली."

"धुऊन दिली तर ती काय करंल?"

"ती पुन्हा धुईल. धुतलेल्याला धुतलं तर बिघडतं थोडंच."

"बिघडलं की."

बहिरूला वाटलं होतं आपण चिडू. पण आत काही पेटलंच नाही. पाण्यात राहून राहून पांढरी पडलेली तिची बोटं पदराच्या काठाखालून दिसत होती, आणि ती बोटं त्याच्यापासून लपवायची पाळी तिच्यावर आली होती. डॉक्टरवर काढलेला सगळा राग उगाच होता.

"डॉक्टरला बी नाय सांगितलंस?"

"त्यानं तुम्हाला सांगितलं असतं."

बहिरूनं चाक धुतलं. बोटानं फिरवून पाहिलं, ते भिंगरीसारखं फिरलं. नळीच्या जोडात पाणी झिरपत होतं, तिथं त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आवळली. शुभांगी सुट्टीला घरी होती. तिच्या मदतीनं मशीन पुन्हा आत गेलं.

त्या दुपारी तिघं जेवले. वांग्याचं भरीत, भाकरी, वरण. जेवण झाल्यावर गोजराबाई ताटं गोळा करून सवयीनं मोरीकडं निघाली.

"इकडं," बहिरू म्हणाला.

"निदान वरण तरी निपटू द्या."

"निपट. पर चमच्यानं. पाणी नाय."

तिनं चमच्यानं उष्टं काढलं. मग नवऱ्याचं ताट, कडेला भरताचा तेलकट ओघळ असलेलं, हातात धरून ती मशीनपुढं उभी राहिली. शुभांगी काही बोलणार होती, बहिरूनं तिला डोळ्यानंच थांबवलं. गोजराबाईनं तोंड दुसरीकडं वळवलं आणि ताट आत उभं केलं. मग बाकीची. बटण तिनंच दाबलं.

मशीन गुरगुरलं. बहिरू परसात धावला आणि अळूजवळ उकिडवा बसून राहिला. बऱ्याच वेळानं नळी हलली, खाकरली आणि पिवळट, तेलाचे डोळे असलेलं पाणी धो धो बाहेर पडलं. त्यानं त्या पाण्यात हात धरला. विहिरीच्या पहिल्या पाण्यात धरतात तसा.

आत आला तर गोजराबाई भिंतीला टेकून उभी होती.

"आता मी काय करू?" तिनं विचारलं.

"काय नाय. बस."

ती बसली. हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना. पदरावर ठेवले, उचलले, मांडीवर उताणे टाकले. बहिरू तिच्याशेजारी बसला. मळ्यात शेवंतीला पाणी द्यायचं होतं, पण तो उठला नाही. थोड्या वेळानं तिची मान त्याच्या खांद्याकडं कलली. दुपारचे तिचे हात पहिल्यांदाच त्याच्यासमोर होते, कोरडे, भेगांसकट. त्यानं त्यांना हात लावला नाही.

डोळे मिटूनच ती म्हणाली, "झाली का हो तिची भांडी?"

"नाय अजून."

"सावकाश घास म्हणावं," गोजराबाई म्हणाली, आणि झोपी गेली.