पोरोस येईपर्यंत

सिंगापूरमधल्या बुकित पंजांगची एलआरटी, म्हणजे छोटी लोकल ट्रेन, वळणावर झुकली, तसा माझ्या नवऱ्याने, शिरीषने, न बोलता तळहात पुढे केला. मी पर्समधली डबी उघडली. आवळासुपारीचा आंबट-खारट वास आला आणि मला बऱ्याच वर्षांपूर्वीच्या ग्रीसच्या सहलीतली ती शिडाची बोट आठवली.

एजिनाच्या बंदरातून पोरोस बंदराकडे निघालो, तेव्हा आमचा अबोला होता. आदल्या संध्याकाळी भांडण झालं होतं. त्याला नोकरी सोडून पुण्याला परतायचं होतं आणि माझं सिंगापूरमधलं संशोधन नुकतंच मार्गी लागलं होतं. बोट चालवणाऱ्या बाईंना वाटलं असावं, आम्ही समुद्र बघण्यात रमलोय.

दुपारी वारा वाढला, बोट एका कुशीवर कलली आणि शिरीषचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने असाच हात पुढे केला. माझ्या मनात आलं, आधी बोल, मग देते. पण दिली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "अजून एक दे."

"आणि पुण्याचं काय?"

"आधी जमिनीला पाय लागू देत."

पोरोसच्या धक्क्यावर उतरून आम्ही तळलेले मासे खाल्ले. पुण्याचा विषय त्याने पुन्हा कधीच काढला नाही. मी तो सिंगापूरला राहण्याचा होकार समजले.

आज तो सुपारी चघळत खिडकीबाहेर बघत होता. इतक्या वर्षांनी मीच विचारलं, "शिरीष, तुला अजून पुण्याला जायचंय का रे?"

त्याचं चघळणं थांबलं.

"आधी स्टेशन येऊ दे," तो म्हणाला.