शेंड्यावरचा दयाळ

माझा पिंडच घाईचा. चहा निवायची वाट न बघता रोज जीभ पोळून घेणारा मी, आणि त्या पहाटे मला देवीच्या रानात एका दगडावर मुकाट बसायचं होतं. शेजारी बाबा. पैज त्यांनीच लावली होती.

झालं असं, की आठ दिवसांपूर्वी कामरगावच्या रस्त्यावर मागून आलेल्या जीपचा हॉर्न बाबांना ऐकू आला नाही. जीपवाल्यानं कसंबसं वाचवलं, पण बाबा रस्त्याकडेला पडले आणि कोपर सोलून निघालं. आई गेल्यापासून ते गावात एकटेच राहतात. ताईनं कारंज्याहून मला पुण्याला फोन केला. "आता बाबाले एकटं ठेवता येत नाही. तू घेऊन जाय त्याह्यले." मी दोन दिवसांची रजा टाकून आलो, आणि कानाच्या डॉक्टरचा विषय काढताच बाबा भडकले.

"मले सारे पाखरं ऐकू येतात. तुमीच पोरं तोंडातल्या तोंडात बोलता. चाल उद्या रानात. एक जरी पाखरू हुकलं, तं येतो तुह्यासंगं पुन्याले. नाही हुकलं, तं पुन्हा नाव काढाचं नाही."

मी कबूल झालो. एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे, असं मला झालं होतं.

देवीच्या रानात कोणी कुऱ्हाड लावत नाही. माझ्या आजोबांनाही म्हातारी वाटलेली झाडं तिथं अजून उभी आहेत. बाबांनी जन्मभर रात्री शेताची राखण केली आणि पहाटे याच रानातून घरी आले. मला मात्र तिथं पाच मिनिटं धीर निघेना. डास चावत होते. मी दोनदा मोबाइल पाहिला, तिसऱ्यांदा खिशात हात घातला.

"बूड टेकव न लेका एका जागी," बाबा म्हणाले. हल्ली ते हळू बोलतात तेही मोठ्यानंच.

पहिला कोतवाल बोलला. "कोतवाल," बाबांनी लगेच सांगितलं. मग मोर. मोराचं तर बाबांनी नाव आधी घेतलं आणि तो नंतर ओरडला. मला हसू आलं, काय तयारी आहे म्हाताऱ्याची! भारद्वाज झाला, बुलबुल झाले. मी हरत होतो, आणि खरं सांगायचं तर हरण्यात मला बरं वाटत होतं. पुण्याच्या दोन खोल्यांत बाबांना कुठं बसवायचं, हा प्रश्न परस्पर सुटत होता.

झाडांचे शेंडे दिसायला लागले. बाबांनी मान वर केली. "आता पाह्य, शेंड्यावरचा दयाळ. आयकलं? कसा गोड बोलून राह्यला."

मी कान टवकारले. बुलबुलांचा कलकलाट तेवढा होता. दयाळ नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक नावाआधी त्यांनी अशीच मान वर करून उजेड पाहिला होता. इतकी वर्षं इथली पाखरं याच क्रमानं बोलत आली होती, आणि तो क्रम बाबांना पाठ होता.

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मला राग आला, कोणाचा ते कळेना, आणि मी ओरडलोच. "बाबा, दयाळ नाही बोलला!"

वाटलं, आता चिडतील, नाहीतर खाली मान घालतील. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही बोलला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"काहून पन? कधी चुकत नाही तो." आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठलेच. "चाल, पाहू त्याले पहिले."

ओढ्यापलीकडची वठलेली सालई गेल्या आठवड्यातल्या वादळात उन्मळून पडली होती. बाबा तिच्या खोडावर हात ठेवून उभे राहिले. "याच ढोलीत पिल्लं काढे तो, दर साली," ते म्हणाले.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "काय झालं रे?"

"नाही येत ऐकू," मी म्हणालो. बाबांच्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

ताई रडवेली झाली, मग कामाचं बोलू लागली. रात्रीच्या गाडीचं तिकीट, घराची किल्ली, शेळी कोणाकडे ठेवायची. मीही भराभर उत्तरं देत होतो. इतक्यात बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि समोरच्या मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

उंच फांदीवर काळापांढरा दयाळ बसला होता. शेपूट वर, चोच उघडत होती, मिटत होती. मी फोन कानावरून काढला तेव्हा कुठं त्याची शीळ मला ऐकू आली. किती वेळापासून बोलत होता कोण जाणे.

"बोलून राह्यला न?" बाबांनी विचारलं. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती.

"बोलून राह्यला," मी म्हणालो. मग आठवलं, आणि मान डोलावून सांगितलं.