उन्हात धरलेला रोल

या बायांनो, अशा जवळ सरका. मोबाईलमध्ये फोटोंचा ढीग करता आणि घरात एकही छापलेला नसतो, म्हणून रागावते मी. ती कॅमेऱ्याची केस अजून डोक्यातून जात नाही, दुसरं काय!

तेव्हा मी जतकडच्या ठाण्यात फौजदार होते. एक म्हातारी तक्रार अर्ज घेऊन आली. ट्रंकेतला जुना डबा कॅमेरा चोरीला गेला होता. तिचा नवरा फौजेत होता, एका सुट्टीत त्यानं थोरल्या लेकीचे फोटो काढले. "दोन फोटू शिल्लक ऱ्हायलं, ते तिच्या लग्नात काढू म्हनलं," म्हातारी सांगू लागली. तेव्हा रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला कोण देत होतं? लग्नाआधीच लेक तापानं गेली. पुढं कॅमेऱ्याला हात लावायचा धीर नवऱ्याला झाला नाही, आणि तोही गेला. लेकीचा दुसरा फोटो घरात नव्हता. आता सांगलीत जुने रोल धुणारा एक जण कळला, म्हणून तिनं ट्रंक उघडली, तर कॅमेरा गायब.

कुलूप मात्र शाबूत. असं दिसलं की मी आधी घरच्यांकडे बघते.

महाबळेश्वरच्या बंदोबस्तावरून आलेल्या हवालदारानं खबर दिली, "मॅडम, एका हॉटेलच्या काउंटरवर तसलाच डबा मांडलाय." म्हातारीचा धाकटा लेक तिथंच टॅक्सी चालवायचा. त्याला ठाण्यात बोलावला.

"आवं मॅडम, गंजका डबा त्यो! शोभेला दिला. मालक गिऱ्हाईक देतो मला."

"आत काय होतं?"

"आत? आत काय असतंय?"

त्याचं तोंड बघून कळलं, हा लपवत नाही, याला ठाऊकच नाही. थोरली लेक गेल्यावर त्या घरात तिचं नाव कुणी काढलंच नव्हतं. मी सांगितलं तसा तोच पुढं होऊन मला त्या हॉटेलात घेऊन गेला.

हॉटेलचा मॅनेजर कौतुकानं म्हणाला, "चकाचक पुसून घेतला मॅडम. आत गुंडाळी होती, ती उलगडून उन्हात धरून बघितली. काहीच नव्हतं तिच्यात."

न धुतलेल्या रोलला ऊन लागलं, की संपलं.

म्हातारीनं कॅमेरा उलटा धरून मागच्या लाल काचेतून बघितलं, रोल आत असला की तिथं फोटोचा आकडा दिसायचा. आकडा नव्हता. "लेकाचं नाव कागदावर नको," म्हणून अर्ज मागं घेतला. मग एकेक फोटो मला तोंडी सांगितला. करडू उचललेली. दोन वेण्या घातलेली. "शेवटच्यात लय हसली व्हती."

मुद्देमाल मिळाला म्हणून ठाण्यात सगळे खूश. पण तेच फोटो तिनं लेकाला आधी सांगितले असते, तर मला महाबळेश्वरला जावंच लागलं नसतं.

निघालात? बरं. पण लवकर या. येताना तुमच्या आईचा एक फोटो छापून आणा, आणि तिच्याबद्दल बोलत बसा माझ्यापाशी.